शेवटच्या रांगेतला गंधार

"थांबा!" आल्वारिस साहेबांनी दोन्ही हात खाली घेतले. "पुन्हा कुणीतरी खाली आहे."

दारावरचा लाल दिवा विझला. रेकॉर्डिंगच्या त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या वादकांनी व्हायोलिन्स गुडघ्यांवर उभी केली. ढोलकीवाल्याने ढोलकीवर पंजा आडवा ठेवला. काचेच्या खोलीत उभ्या असलेल्या गायिकाबाईंनी कानांवरचा हेडफोन काढला आणि डोळे मिटून घेतले. त्यांना सकाळपासून ताप होता. त्यांचा आवाज अजून किती वेळ साथ देईल याची कुणालाच खात्री नव्हती, आणि गाणं तर आजच ध्वनिमुद्रित व्हायला हवं होतं. उद्या त्यावर शूटिंग होतं.

"कोण आहे तो?" साहेबांनी विचारलं. ते हिंदी, इंग्रजी आणि कोंकणी एकाच वाक्यात बोलत. मी मला आठवतं तसं मराठीत सांगतेय. "मी विचारतोय, कोण आहे? पूर्ण फ्रेझ नीट जाते. शेवटच्या सुरावर कुणीतरी खाली राहतो. एकच माणूस आहे. ज्याला माहीत असेल त्याने आत्ता सांगावं."

कुणी बोललं नाही. मीही नाही, कारण मला खरोखरच माहीत नव्हतं.

मी शेवटच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर बसले होते. अंगावर सांगलीहून आणलेली इस्त्रीची साडी, हनुवटीखाली व्हायोलिन, आणि खुर्चीवर बसून वाजवायची सवय नसल्यामुळे पाठीला रग लागलेली. त्या सगळ्या हॉलमध्ये वादकांत मी एकटीच मुलगी होते. शेजारच्या खुर्चीवर कुलासो अंकल होते. त्यांच्याचमुळे मी इथे आले होते.

आम्ही मुंबईत आलो होतो ते माझ्या आकाशवाणीच्या ऑडिशनसाठी. नाना म्हणजे माझे वडील, सांगलीचे विष्णुपंत पुजारी. ते स्वतः व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. मैफलीत जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून ते खयाल वाजवत, आणि गाणारा माणूस गातो तसंच वाजलं पाहिजे यापलीकडे त्यांना काही मान्य नव्हतं. मला त्यांनीच शिकवलं. लहानपणी संस्थानच्या बँडमास्तरांकडे ते पहिले धडे शिकले होते, म्हणून मलाही सुरुवातीला हनुवटीखाली व्हायोलिन धरायला लावलं, इंग्रजी स्वरलिपीची ओळख करून दिली. मग एक दिवस म्हणाले, "हात सुटला आता. आता खाली बस." तेव्हापासून मी खालीच बसत होते.

ऑडिशनला तोडी वाजवायचा असं ठरलं होतं. तोडीचा गंधार पेटीवर सापडत नाही, असं नाना म्हणत. पेटीच्या कोमल गंधाराहूनही तो किंचित खाली असतो, आणि तो तिथेच लागला तरच तोडी तोडी वाटतो. गेलं वर्षभर आमच्या घरात या एका सुराखेरीज दुसरा विषय नव्हता. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असले तरी नाना बाहेरच्या खोलीतून हाक मारत, "शालन, गंधार!" आणि मी विळी आडवी करून बाहेर जायची, तो सूर लावून दाखवायची. लागला तर ते मान हलवत. नाही लागला तर काहीच बोलत नसत. ते न बोलणं फार वाईट असे.

माहीमला नानांच्या आतेभावाकडे आम्ही उतरलो. प्रवासात धक्के बसून माझ्या व्हायोलिनची तारांखालची घोडी पडली होती आणि आतली आधाराची काडी निसटून पोटात खुळखुळत होती. ऑडिशन तीन दिवसांवर, आणि मुंबईत नानांच्या ओळखीचं कुणी नाही. नानांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. शेजारच्या बिऱ्हाडात राहणारे कुलासो अंकल तो खुळखुळाट ऐकून आपण होऊन आले. त्यांनी एका वाकड्या तारेने ती काडी आत उभी केली, घोडी बसवली, तारा चढवल्या आणि मला म्हणाले, "वाजव बघू, बाय."

मी वाजवलं. ते दाराला टेकून ऐकत राहिले. मग नानांकडे वळून म्हणाले, "पंडितजी, परवा आमचं रेकॉर्डिंग आहे. मागच्या रांगेतला एक माणूस कावीळ होऊन पडलाय. खुर्ची रिकामी दिसली की साहेबांचं डोकं फिरतं. हिला एक दिवस न्यायची का?"

नानांनी मुंबईत येण्यापूर्वी असलं काही ऐकून घेतलं नसतं. पण समोर अंकलनीच उभं केलेलं व्हायोलिन होतं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात बसेना.

"ऑडिशन तेरवा सकाळी आहे," नाना म्हणाले. "आदल्या दिवशी तिने दुसरं काही वाजवू नये."

"साधं आहे हो. एक गाणं. सगळ्यांच्या मागे बसायचं."

"साधंच तर नको असतं." नानांनी व्हायोलिनकडे पाहिलं. "बरं. एक दिवस. आणि मी बरोबर येणार."

आणि ते आले होते. हॉलबाहेरच्या बोळात बाकावर बसले होते. तिथे भिंतीवर एक स्पीकर होता, आत काय चाललंय ते बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून. म्हणजे आतला प्रत्येक शब्द नानांना ऐकू जात होता.

कुलासो अंकलनी माझ्या कागदावर स्वरलिपीखाली पेन्सिलने सारेगम लिहून दिलं होतं. सुरुवात अवघड नव्हती. गाण्याआधी सगळा ऑर्केस्ट्रा जोरात वाजतो, व्हायोलिन्स चढत चढत वरच्या षड्जाला जातात, तिथून पायऱ्या उतरल्यासारखी खाली येतात, आणि कोमल गंधारावर थांबतात. त्याच क्षणी बाकी सगळी वाद्यं बंद होतात. फक्त व्हायोलिन्स तो गंधार धरून राहतात आणि त्या गंधारावर बाईंचा आवाज उगवतो. नेमका तिथेच दर वेळी घोळ होत होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "कुणी सांगणार नसेल तर मी शोधतो. एकेक स्टँड. दोघं दोघं वाजवा. पहिला."

पहिल्या रांगेतल्या पहिल्या दोघांनी ती ओळ वाजवली. वरून खाली, आणि गंधार. साहेब मान वाकडी करून ऐकत होते. पियानोवाल्याने तोच सूर हळूच दाबला. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले.

"पुढचे."

पुढच्यांनी वाजवलं. तेही बरोबर. मग त्यांच्यामागचे. हॉलमध्ये इतकी शांतता होती की गजाची राळ तारेवर घासलेली ऐकू येत होती. ज्यांचं वाजवून झालं होतं ते मागे वळून आमच्याकडे बघायला लागले. ते वळणं मला आवडलं नाही.

तिसऱ्या जोडीच्या वेळी मी कान टवकारले. इतका वेळ सगळे एकदम वाजत होते तेव्हा मला कळलं नव्हतं. आता तो सूर उघडा ऐकू येत होता, आणि तो माझ्या सुराहून वर होता. फार नाही, बोट जरासं पुढे सरकवलं तर झालं असतं, पण वर होता. दर जोडीगणिक तोच. पियानोचाही तोच. वर्षभर तोडी घोटून घोटून माझं बोट जिथे आपोआप पडत होतं, ती जागा इथल्या कुणाचीच नव्हती.

मी कुलासो अंकलकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"अंकल," मी पुटपुटले.

"गप," ते ओठ न हलवता म्हणाले. "आपली वेळ येईल तेव्हा बोट वर घे."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

आमच्या पुढे रुस्तमजी बसले होते. ते त्या हॉलमधले सगळ्यांत म्हातारे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, मानेवर पावडर. सकाळी मी आत आले तेव्हा त्यांनी एकट्यानेच उठून मला खुर्ची दिली होती. कुलासो अंकलनी चहाच्या वेळी सांगितलं होतं की त्यांना हल्ली एका कानाने कमी ऐकू येतं, सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांच्या शेजारच्या तरुण वादकाने आणि त्यांनी मिळून ती ओळ वाजवली. खाली येताना रुस्तमजींचा गज किंचित थरथरला. गंधारावर दोघं थांबले आणि तिथे काहीतरी घासलं.

साहेबांनी बोट वर केलं. "रुस्तमजी, तुम्ही एकटे."

रुस्तमजींनी एकट्याने वाजवलं. सूर डळमळला आणि मग स्थिर झाला.

"पुन्हा."

पुन्हा वाजवलं. या वेळी जास्तच डळमळला. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर दोनदा वाजवायला लावल्यावर आणखी काय होणार?

आल्वारिस साहेबांनी एकदा काचेकडे पाहिलं. ते दुष्ट नव्हते. पुढे मी त्यांच्या हाताखाली खूप वर्षं वाजवलं म्हणून सांगते. पण काचेमागे तापाने फणफणलेली बाई उभी होती, निर्माता सारखा दार उघडून आत डोकावत होता, आणि त्यांना एक माणूस हवा होता. तो सापडला होता.

"रुस्तमजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आज बाहेर बसा."

त्या हॉलमध्ये 'आज बाहेर बसा' याचा अर्थ 'पुन्हा येऊ नका' असा होतो ते नंतर मला कळलं. पण तेव्हाही रुस्तमजींच्या मानेकडे बघून मला तो कळला. त्यांनी वाद केला नाही. स्टँडवरचा कागद नीट केला, व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि गजाचा स्क्रू सैल करायला घेतला. तो लवकर फिरेना. शेजारचा तरुण खाली बघत होता.

आमची जोडी तपासायची राहिलीच. साहेब कागद उलटत होते. "चला, पुन्हा वरून. लाईट."

मी सुटले होते. आता बोट वर घेतलं की कुणालाही काही कळलं नसतं, आणि साहेबांना वाटलं असतं की रुस्तमजी गेल्यामुळे सूर सुधारला. मी उठले तेव्हा काही ठरवून उठले नाही. खुर्ची मागे सरकल्याचा एवढा मोठा आवाज झाला तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

कुलासो अंकलनी माझं कोपर धरलं. "बस खाली."

"तो सूर माझा होता," मी म्हणाले.

सगळे वळले. साहेबांनी डोळे बारीक केले. मी कोण हेच त्यांना माहीत नव्हतं.

"खाली राहत होती ती मी. हे नव्हेत."

"तू कोण?"

"शालन पुजारी. सांगलीहून आलेय."

"सांगलीला गंधार खाली असतो?"

कुणीतरी हसलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर बाकावर नाना ऐकत होते. मी आता जे काही बोलणार होते ते त्यांच्यासमोर बोलल्यासारखंच होतं.

"आमच्याकडे तोडीत असतो," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी शिकवलाय. वर्षभर तोच घोटतेय. चुकून लागला नाही, तो तसाच असतो."

साहेब चौथऱ्यावरून खाली उतरून रांगांमधून चालत मागे आले. माझ्यासमोर उभे राहिले. "वाजव."

मी ती ओळ वाजवली आणि गंधारावर येऊन थांबले. मुद्दाम माझ्या गंधारावर. आता लपवण्यात अर्थ नव्हता. हॉलमध्ये तो सूर एकटाच उभा राहिला. साहेबांनी तो संपेपर्यंत ऐकला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग थोडा कमी झाला. मला वाटलं, आता ते म्हणतील, वा, सगळ्यांनी असाच लावा.

"छान आहे," ते म्हणाले. "पण तो तुझा एकटीचा आहे. इथे चालणार नाही." त्यांनी पियानोवाल्याकडे न बघता हात केला, आणि त्याने कोमल गंधार दाबला. "हा इथला. याच्यावर येऊ शकतेस का? येत नसेल तर आत्ता सांग. मी रागावणार नाही."

मला आदल्या रात्रीचे नाना आठवले. अंथरुणावर बसून म्हणाले होते, "उद्या तिथे काय वाटेल ते वाजव. पण गंधाराला हात लावू नकोस. एकदा हलला की परवा सकाळपर्यंत परत बसणार नाही." आता नेमका तोच हलवायचा होता.

"येते," मी म्हणाले.

"मग बस. रुस्तमजी, पेटी उघडा पुन्हा. सॉरी."

रुस्तमजींनी पेटी उघडली. गज घट्ट करता करता ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आभार मानतील. ते अगदी हळू म्हणाले, "माझा पण थोडा खाली होता, डिकरी. आता दोघं संभाळून वाजवू."

लाल दिवा लागला.

ढोलकीने उचललं, सगळा ऑर्केस्ट्रा एकदम अंगावर आला. आम्ही चढायला लागलो. माझं सगळं लक्ष त्या एका पुढे येणाऱ्या सुराकडे होतं. वरचा षड्ज. तिथून खाली. निषाद, धैवत, पंचम, मध्यम. बोट नेहमीच्या जागेवर पडायला निघालं आणि मी ते ओढून वर नेलं. नेताना खरंच दुखल्यासारखं वाटलं. मग सगळी वाद्यं बंद पडली आणि आम्ही गंधारावर उभे राहिलो.

आणि मला माझा आवाज ऐकू येईना.

आधी मी घाबरले. वाटलं, गज तारेवरून सुटला. मी खाली पाहिलं. गज तारेवरच होता, चालत होता, तार थरथरत होती, हनुवटीच्या हाडात ती थरथर लागत होती. पण कानाला मी कुठेच नव्हते. जे ऐकू येत होतं ते समोरून, बाजूने, मागच्या भिंतीवरून येत होतं. इतका मोठा, इतका भरलेला सूर मी आयुष्यात ऐकला नव्हता. आणि तो मी वाजवत होते. रुस्तमजींचा पांढरा शर्ट माझ्यापुढे हलत होता, त्यांचा गज वर गेला की माझा वर जात होता. कुलासो अंकलचा, पहिल्या रांगेतल्या टोकाच्या माणसाचा, सगळ्यांचे गज एकदम. लहानपणापासून मी सूर लावला की तो लागला की नाही हे कुणीतरी दारात उभं राहून ऐकत असायचं. त्या क्षणी कुणीही मला ऐकत नव्हतं, ऐकू शकतच नव्हतं. माझे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर होते हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

बाईंचा आवाज आमच्या सुरातून वर आला. तापातला, थोडा जड. तो चढला तसे आम्ही त्याच्याखाली पसरत गेलो.

गाणं संपलं. कुणी हललं नाही. लाल दिवा बराच वेळ तसाच जळत राहिला. मग काचेमागून ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, "ओके आहे, साहेब."

लोक एकदम बोलायला लागले. कुणी सिगरेट काढली, कुणी चहावाल्याला हाक मारली. काचेच्या खोलीत बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी शाल अंगाभोवती घेतली. जाता जाता साहेब माझ्याजवळ थांबले.

"सोमवारी दुसऱ्या गाण्यात व्हायोलिनचा एकट्याचा तुकडा आहे. तोडीसारखाच. तू वाजवशील? तिथे तुझा गंधार चालेल."

"मागच्या रांगेत जागा आहे का सोमवारी?" मी विचारलं.

"मी तुला पुढे बसायला सांगतोय, मुली."

"हो, कळलं मला. मागे आहे का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कुलासो अंकलना म्हणाले, "बेर्नार्द, ही वेडी कुठून आणलीस?" आणि निघून गेले. नाही मात्र म्हणाले नाहीत.

बाहेर नाना बाकावर ताठ बसले होते. मी आले तसे ते उठले. माझ्या हातातली पेटी घेतली आणि चालायला लागले. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. रस्त्यावर दिवे लागत होते. कितीतरी वेळ ते बोलले नाहीत, आणि मी ते न बोलणं नेहमीसारखं ओळखीचं समजून गप्प बसले.

"तू उठून सांगितलंस ते बरं केलंस," अखेर ते म्हणाले. "तो म्हातारा फुकटचा गेला असता."

"हो."

"आधी जितक्या वेळा वाजवलंत, तितक्या वेळा मी तुला ओळखलं. एवढ्या गर्दीत. बाहेर दोन माणसं बसली होती, त्यांना म्हणणार होतो, ती बघा, ती माझी मुलगी." त्यांनी मांडीवरची पेटी सरळ केली. "शेवटच्या वेळी तू मला कुठे सापडलीच नाहीस. खूप शोधलं मी."

मला रडू यायला हवं होतं. त्यांचा आवाजच तसा होता. पण मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझा चेहरा त्यांना दिसू नये असं मला वाटत होतं. मी आनंदात होते, आणि त्यांच्यासमोर तो आनंद दाखवायला मला धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. सामान बांधून झालं होतं. ऑडिशन झाली की तिथूनच दुपारच्या गाडीने सांगलीला निघायचं होतं. मी जमिनीवर बसून तोडी लावला. पहिला गंधार वर गेला. दुसराही. नाना भिंतीला टेकून बसले होते. ते काही म्हणाले नाहीत. तिसऱ्यांदा बोट थोडं मागे घेतलं आणि तो आपल्या जागी बसला, जणू कुठे गेलाच नव्हता. नानांनी डोळे मिटले. मीही सुटकेचा श्वास सोडला, पण मनात एक विचित्र गोष्ट झाली होती. तो बसला याचं मला जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

आकाशवाणीत मला एका छोट्या खोलीत नेलं. परीक्षक पलीकडे कुठेतरी होते, ते दिसत नव्हते. तंबोरा, तबला आणि मी. सांगितलं तेव्हा सुरू केलं, थांबा म्हणाले तेव्हा थांबले. मी चांगलं वाजवलं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, हे आजही मी खात्रीने सांगते. सूर सरळ लागत गेले, ताना तुटल्या नाहीत. आणि ते सगळं चाललेलं असताना मी मधूनच कान देऊन ऐकत होते, आजूबाजूला आणखी कुणी माझ्याबरोबर वाजवतंय का म्हणून.

नाना बाहेर सामानाजवळ उभे होते. "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"अडलीस कुठे?"

"नाही."

"गंधार?"

"लागला. प्रत्येक वेळी."

त्यांनी एक ट्रंक उचलली, मी पिशवी आणि व्हायोलिन घेतलं. पायऱ्या उतरून आम्ही रस्त्यावर आलो. ऊन चढलं होतं. दोन पावलं चालून नाना थांबले.

"मग चेहरा असा का?"

खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं. सूर खाली गेला की कळायचं, तसंच.

"वाजवताना एकटं वाटलं, नाना," मी म्हणाले. "आधी कधी वाटलं नव्हतं. आज सगळं नीट लागत होतं आणि फार एकटं वाटत होतं. काल तसं वाटलं नाही. मला परत तिथे जायचंय. मागच्याच रांगेत. आयुष्यभर मागच्या रांगेत बसवलं तरी चालेल मला."

बोलून टाकलं एकदाचं. नानांनी ट्रंक खाली ठेवली. मी वाट बघत होते की ते ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं, म्हणजे मलाही भांडता आलं असतं. ते रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मलाही वाटतं," ते म्हणाले.

"काय?"

"एकटं. मैफलीत बसलं की. पहिल्यापासून." ते हे मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. "मला वाटायचं, ते तसंच असतं. सूर लागल्याची तीच खूण असते."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य होतं. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही.

समोरून फळांची हातगाडी गेली, मग शाळेच्या मुलींची रांग गेली. सांगलीची गाडी सुटायला फारसा वेळ उरला नव्हता. स्टेशनकडे जायचा रस्ता डावीकडे होता, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. नानांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं, वाकून ट्रंक उचलली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसाकडे गेले.

"अहो," त्यांनी विचारलं, "माहीमची बस कुठे थांबते?"